एसपीआयचे प्रॅक्टिकल खऱ्या चिपवर घ्या

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

साणंद, धोलेरा आणि सेमीकंडक्टर हे शब्द आपल्या अंकात आता वारंवार वाचायला मिळतात. साणंदला मायक्रॉनचा चिप-जुळणी आणि चाचणीचा कारखाना, धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पीएसएमसी यांचा ९१,००० कोटी रुपयांचा फॅब (चिप घडवणारा कारखाना), आणि आमच्या बडोद्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेला सी-२९५ विमानांचा कारखाना. या बातम्यांमुळे आमच्या आळीतल्या दहावी-बारावीच्या मुलांचे आईबापसुद्धा इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रवेशाची चौकशी करू लागले आहेत. मला त्याचा मनापासून आनंद आहे. म्हणूनच या मुलांच्या शिक्षणातली एक उणीव, जी मला रोजच्या कामात दिसते, ती आपल्या वाचकांपुढे आणि विशेषतः कॉलेजांत शिकवणाऱ्या वाचकांपुढे मांडावीशी वाटते. पत्र लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी. विषय तांत्रिक आहे, वरवर सांगून भागणार नाही.

मी बडोद्याची. माहेर वाडीत, सासर दांडिया बाजारात. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात तापमान मोजणाऱ्या आणि राखणाऱ्या यंत्रांचे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम, लिहिते, आणि माल बाहेर पडण्याआधी तो तपासून सही करते. आमची यंत्रे ओव्हनवर, औषध कारखान्यांच्या ड्रायरवर आणि ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मरवर बसतात. उन्हाळ्यात डिप्लोमा आणि डिग्रीची मुलेमुली आमच्याकडे ट्रेनिंगला येतात. ती हुशार असतात, कष्टाळू असतात, मोबाइलवर हवे ते चटकन शोधून काढतात. पण नवा सेन्सर आणि कोरा मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक) हातात देऊन ‘या दोघांचे एसपीआय सुरू करून दाखव’ म्हटले, की बहुतेकांचे गाडे तिथेच अडते. लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, सापडली तर चालते. नाही सापडली, किंवा सापडूनही आकडा चुकीचा आला, तर पुढे कुठे बघायचे हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

जे वाचक या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. एसपीआय म्हणजे सिरियल पेरिफेरल इंटरफेस. मोटोरोला कंपनीने १९८० च्या दशकात आणलेली ही पद्धत आज सेन्सर, मेमरी, डिस्प्ले, एसडी कार्ड अशा असंख्य वस्तूंत आहे. तारा चार. एक क्लॉकची, म्हणजे ठोके देणारी. दुसरी मोसी, मायक्रोकंट्रोलरकडून चिपकडे जाणारी. तिसरी मिसो, चिपकडून परत येणारी. चौथी चिप सिलेक्ट. ही चौथी तार खाली ओढली की समोरच्या चिपने ऐकायचे, वर सोडली की गप्प बसायचे. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक बिट (शून्य किंवा एक) जातो आणि त्याच ठोक्याला एक बिट येतो. म्हणजे नुसते ऐकायचे असले तरी काहीतरी पाठवावेच लागते, कारण पाठवल्याशिवाय ठोके पडत नाहीत. हे एवढे एक वाक्य कळले नाही म्हणून सेन्सरकडून उत्तराची वाट बघत बसलेली मुले मी पाहिली आहेत.

खरी मेख पुढे आहे. काम नसताना क्लॉकची तार खाली राहणार की वर? हा पहिला प्रश्न, याला सीपोल म्हणतात. कड म्हणजे क्लॉकची तार वर किंवा खाली जाण्याचा क्षण; बिट टिपायचा तो ठोक्याच्या पहिल्या कडेला की दुसऱ्या? हा दुसरा, याला सीफा म्हणतात. दोन प्रश्नांची दोन-दोन उत्तरे, म्हणून मोड चार: ०, १, २ आणि ३. ज्यांनी लेझीम खेळली आहे त्यांना हे लगेच उमगेल. हलगी एकच वाजत असते, पण निम्म्यांनी ठोका पडताना पाऊल टाकले आणि निम्म्यांनी तो उठताना, तर रांग मोडते. मायक्रोकंट्रोलर आणि चिप यांचा मोड एक नसेल तर तेच होते. आणि एसपीआयला कोणत्याही संस्थेचे एकच एक अधिकृत मानक नाही. प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ते वापरले. त्यामुळे अमुक चिपला कोणता मोड चालतो, किती वेग सोसतो, पहिला बाइट (आठ बिटांचा गट) पत्त्याचा की आज्ञेचा, हे त्या चिपच्या डेटाशीटमध्येच, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकातच, बघावे लागते. दुसरा रस्ता नाही.

आता आमच्याकडची एक गोष्ट सविस्तर सांगते, म्हणजे माझे म्हणणे हवेतले वाटणार नाही.

एप्रिलमध्ये ट्रेनिंगला आलेल्या एका डिप्लोमाच्या मुलाला आम्ही एक बोर्ड दिला. त्यावर एटीमेगा ३२८पी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे अर्डुइनो उनोवर असतो तोच, आणि पीटी१०० सेन्सर वाचणारी मॅक्स ३१८६५ चिप. पीटी१०० म्हणजे प्लॅटिनमचा सेन्सर. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम असतो आणि तापमानाबरोबर ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वाढतो. कॉलेजात या मुलाने अर्डुइनोच्या लायब्ररीवर एसपीआय चालवले होते. आमचे फर्मवेअर साध्या सीमध्ये असते, त्यामुळे त्याला रजिस्टर, म्हणजे चिपमधली सेटिंगची घरे, स्वतः भरावी लागली. एसपीसीआर नावाच्या रजिस्टरमध्ये त्याने हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा) ५१ भरले: एसपीआय चालू, मास्टर (म्हणजे ठोके देणारा), आणि १६ मेगाहर्ट्झला १६ ने भागून १ मेगाहर्ट्झचा क्लॉक. सीपोल आणि सीफा दोन्ही शून्य राहिले. म्हणजे मोड शून्य.

माझ्या टेबलावर काचेचा थर्मामीटर असतो, त्यात ३२ अंश. पडद्यावर उणे ११०.

‘ताई, सेन्सर गेलाय,’ तो म्हणाला, आणि नवा लावला. उणे ११०. मग त्याने मॅक्सची चिप बदलायला सोल्डरिंग आयर्न तापत ठेवले. मी म्हटले, आयर्न बंद कर, आधी मल्टिमीटर घे आणि सेन्सरचा रोध मोज. ११२ ओहमच्या थोडा वर आला. तक्त्यात ३२ अंशासमोर ११२.४५ ओहम आहे, म्हणजे सेन्सर ठणठणीत. मग मी विचारले, आता उलटे बघ, उणे ११० समोर किती आहे? त्याने बोट फिरवत खाली नेले: ५६.१९. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘ताई, हे तर बरोब्बर अर्धं आहे.’

मॅक्सचा आकडा रोधाच्या प्रमाणात असतो, आणि बायनरीत अर्धे होणे म्हणजे सगळे बिट एक घर उजवीकडे सरकणे. एवढे सुचल्यावर पुढचे त्याने स्वतः शोधले. लॉजिक अॅनालायझरच्या, म्हणजे तारांवरचे ठोके टिपून दाखवणाऱ्या उपकरणाच्या, चिमट्या चारही तारांना लावल्या आणि लॅपटॉपवर ठोके उमटले. मॅक्स ३१८६५ क्लॉक वर जाताना मिसोवर नवा बिट ठेवत होती, आणि आमचा मायक्रोकंट्रोलर नेमका त्याच कडेला टिपत होता. नवा बिट तारेवर स्थिर होण्याआधी टिपल्यामुळे हाती लागत होता आधीचा. प्रत्येक वेळी एक पाऊल मागे. डेटाशीटमध्ये स्पष्ट आहे की ही चिप मोड १ किंवा मोड ३ लाच चालते, सीफा एक हवाच. त्याने हेक्स ५१ चे हेक्स ५५ केले. पडद्यावर ३२ आले. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद मला कोणत्याही पगारवाढीपेक्षा मोलाचा वाटतो, हे मी मनापासून लिहिते आहे.

सेन्सर तर बदललाच होता; चिप बदलली असती, बोर्ड बदलला असता, तरी आकडा तोच आला असता. तीन चांगल्या वस्तू कचऱ्यात गेल्या असत्या. आणि ही गंमत ओव्हनपुरती राहिली तर ठीक. ट्रान्सफॉर्मरचा विचार करा. गुंडाळी तापून १५० अंशांवर गेली तर पीटी१०० चा रोध १५७.३३ ओहम होतो. त्याचे अर्धे ७८.६६, म्हणजे तक्त्याप्रमाणे उणे ५४ अंशांच्या आसपास. यंत्राला वाटणार, आत बर्फ आहे. थंड करणारे पंखे सुरू होणार नाहीत, धोक्याची घंटा वाजणार नाही, ट्रिप होणार नाही. एका बिटामुळे.

उणे ११० निदान डोळ्यांवर येते. काही चुका अशा दिसतही नाहीत, आणि त्यांची मला जास्त काळजी वाटते. याच मॅक्स ३१८६५ मध्ये विजेच्या मेन लाइनचा खरखराट गाळणारा फिल्टर आहे. तो ६० हर्ट्झवर ठेवायचा की ५० वर, हे कॉन्फिगरेशन रजिस्टरचा शेवटचा बिट ठरवतो. चिप चालू होते तेव्हा तो शून्य असतो, म्हणजे ६० हर्ट्झ. अमेरिकेत ते योग्य आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. तीन तारांचा सेन्सर, सतत वाचन आणि ५० हर्ट्झ यासाठी रजिस्टरमध्ये हेक्स डी१ जायला हवे. मुलांनी कुठून तरी उचललेल्या कोडमध्ये मला डी० सापडते. टेबलावर आकडा छान येतो. मग तेच यंत्र हीटर आणि कॉन्टॅक्टरच्या शेजारी पॅनेलमध्ये बसते आणि आकडा अंश-दीड अंश नाचायला लागतो. मग ग्राहक अर्थिंगला दोष देतो, इलेक्ट्रिशियन केबलला, आणि कोणी डेटाशीटचे ते पान उघडत नाही.

अशा जागा प्रत्येक चिपमध्ये आहेत. के टाइप थर्मोकपलसाठी (दोन धातूंच्या तारांचा तापमान सेन्सर) स्वस्त आणि लोकप्रिय असलेली मॅक्स ६६७५ घ्या. तिला एक वाचन तयार करायला सुमारे ०.२ सेकंद लागतो, आणि चिप सिलेक्ट खाली ओढली की चालू असलेले काम ती सोडून देते. घाईने सेकंदाला दहा वेळा विचारले तर तिचे काम कधीच पुरे होत नाही आणि तोच जुना आकडा परत परत मिळतो. भट्टी तापते आहे, पडदा थिजलेला. मुले म्हणतात थर्मोकपल खराब. एटीमेगाचा एसएस (स्लेव्ह सिलेक्ट) पिन, उनोवरचा १० नंबर, इनपुट म्हणून ठेवला आणि तो कशाने तरी खाली ओढला गेला, तर चिप समजते की दुसराच कोणी मास्टर आला आणि आपला मास्टर बिट आपण होऊन खाली ठेवते. त्या पिनवर पुश बटन लावलेला एक प्रोजेक्ट आमच्याकडे आला होता. बटन दाबले की सेन्सर मरायचा. एसटीएम३२ या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरमध्ये हाच प्रकार दुसऱ्या रूपात आहे: चिप सिलेक्ट सॉफ्टवेअरने सांभाळायची ठरवली तर एसएसआय बिट एक करावा लागतो, नाहीतर मोड फॉल्ट येऊन एसपीआय बंद पडते. शिवाय तिथे एसपीआयच्या भागाचा क्लॉक आधी आरसीसीमधून, म्हणजे चिपच्या क्लॉक-नियंत्रणाच्या भागातून, चालू केला नसेल, तर रजिस्टरमध्ये काहीही लिहा, ते टिकतच नाही. आणि शेवटचा बाइट तारेवरून पूर्ण जायच्या आत चिप सिलेक्ट वर सोडला तर तो बाइट अर्धाच पोहोचतो. त्यासाठी बिझी बिट उतरेपर्यंत थांबायचे असते.

वेगाचा हव्यासही कमी झाला पाहिजे. तापमान बदलायला सेकंद लागतात, तिथे ८ मेगाहर्ट्झचा क्लॉक कशासाठी? एसपीआय ही एकाच बोर्डावरच्या चिपांसाठी केलेली सोय आहे. बोर्डावरून पुढच्या दारावरच्या डिस्प्लेपर्यंत लांब रिबन केबल नेली की कडा बोथट होतात आणि बिट चुकतात. आमच्या कारखान्यात नव्या बोर्डाची सुरुवात कमी वेगाने होते. सगळे नीट चालले की मग वेग वाढवायचा, तोही गरज असली तर.

आणि सर्वात आधी चिपला तिची ओळख विचारायची. हे मी प्रत्येक ट्रेनीला पहिल्या दिवशी शिकवते. डब्ल्यू२५क्यू६४ या फ्लॅश मेमरीला ९एफ ही आज्ञा पाठवली की ती ईएफ, ४०, १७ असे तीन बाइट परत देते. ते आले म्हणजे चार तारा, मोड, वेग, सोल्डरिंग, सगळे एका फटक्यात तपासून झाले. तिन्ही बाइट एफएफ आले किंवा तिन्ही शून्य आले तर समोरून कोणी बोलतच नाही: तार सुटली आहे, चिप सिलेक्ट चुकली आहे किंवा चिपला वीज नाही. काहीतरी आले पण वेडेवाकडे आले, तर मोड बघा, वेग बघा. कोडच्या शेकडो ओळी चाळण्यापेक्षा या तीन बाइटांत जास्त माहिती आहे.

आता कॉलेजांविषयी. मी कोणत्याही एका संस्थेकडे बोट दाखवत नाही, कारण निरनिराळ्या कॉलेजांतली मुले आमच्याकडे येतात आणि सगळ्यांची कहाणी सारखी आहे. प्रॅक्टिकल सिम्युलेटरवर होते. सिम्युलेटरमध्ये जंपर ढिला होत नाही, मिसोची तार अधांतरी राहत नाही, ५ व्होल्टची चिप ३.३ व्होल्टच्या सेन्सरला जाळत नाही, आणि कोडमधला मोड सहसा आधीच जुळवून ठेवलेला असतो. स्क्रीनवर हिरवा दिवा लागला की जर्नलमध्ये आकृती उतरवायची आणि सही घ्यायची. व्हायवामध्ये एसपीआयचे पूर्ण नाव विचारतात, आयटूसी (दोन तारांची अशीच दुसरी पद्धत) आणि एसपीआय यांतले फरक विचारतात. मुले पाठ करून सांगतात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अनेकदा तयार विकत मिळतो, अहवालासकट. शिक्षकांची अडचण मला समजते. एकेका वर्गात साठ मुले, किट मोजकी, त्यातली काही मोडलेली, आणि अभ्यासक्रम वेळेत संपवायचा. तरीही या सगळ्यातून एक प्रॅक्टिकल वाचवता येईल, आणि ते एसपीआयचे असावे असे माझे म्हणणे आहे.

ते असे घ्यावे. विद्यार्थ्याला त्याने आधी न पाहिलेली चिप आणि तिचे छापील डेटाशीट द्यावे. लायब्ररी बंद. पहिला अर्धा तास संगणकाला हात लावायचा नाही: मोड कोणता, कमाल वेग किती, पहिला बाइट काय, आणि रजिस्टरमध्ये कोणता आकडा भरणार, हे कागदावर बिटवार लिहून दाखवायचे. मग कोड. मग लॉजिक अॅनालायझरवर स्वतःचे ठोके काढून दाखवायचे आणि कोणत्या कडेला कोणता बिट टिपला गेला ते बोटाने सांगायचे. शेवटी परीक्षकाने त्याच्या नकळत एक गोष्ट बिघडवायची, एखादी तार काढायची किंवा मोड बदलायचा, आणि विद्यार्थ्याने ती शोधायची. गुण या शेवटच्या भागाला सर्वात जास्त. चालू असलेली वस्तू चालवून दाखवण्यात परीक्षा होत नाही.

पैशांचा प्रश्न नाही. आठ वाहिन्यांचा साधा लॉजिक अॅनालायझर हजार रुपयांच्या आसपास मिळतो. त्याच्यासाठी लागणारे सिगरॉक आणि पल्सव्ह्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते एसपीआयचे बाइट उलगडून दाखवते. मोड चुकीचा सांगितला तर बाइटही चुकीचे दाखवते, तोही एक धडाच आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात जुना ऑसिलोस्कोप पडून असेल तर तोही चालेल.

शिकवले तर काय होते, याचेही उदाहरण देते. यंदा पादऱ्याहून येणारी एक मुलगी आमच्याकडे होती. तिला डेटा लॉगर दिला: मॅक्स ३१८६५ आणि एसडी कार्डचे बाजारातले स्वस्त मॉड्यूल, दोन्ही त्याच तीन तारांवर, चिप सिलेक्ट वेगवेगळे. एकेकटे दोन्ही चालत होते. कार्डाला सुरुवातीला चिप सिलेक्ट वर ठेवून किमान ७४ ठोके द्यावे लागतात आणि क्लॉक ४०० किलोहर्ट्झच्या वर न्यायचा नसतो, हेही तिने डेटाशीट वाचून बरोबर केले होते. पण दोन्ही एकत्र जोडले की तापमान शून्य. दोन्ही चिप सिलेक्टवर १० किलोओहमचे पुल-अप (तार वर धरून ठेवणारे रोध) लावले, फरक नाही. मग तिने अॅनालायझर लावला, आणि कार्डाची चिप सिलेक्ट वर असतानाही मिसोची तार कोणीतरी धरून ठेवली आहे हे तिच्या लक्षात आले. मॉड्यूलवर ७४ मालिकेची एक बफर (संकेत पुढे पोहोचवणारी) चिप होती. मिसोच्या बफरचा एनेबल (चालू-बंद करणारा) पिन थेट ग्राउंडला जोडलेला, त्यामुळे तो बफर मिसो सोडतच नव्हता. तिने ब्लेडने तो ट्रॅक कापला, तो पिन बारीक तारेने कार्डाच्या चिप सिलेक्टला जोडला, आणि दोन्ही वस्तू एकत्र चालू लागल्या. आमचे फोरमन, जे कोणाचे सहसा कौतुक करत नाहीत, त्यांनी ‘बेन, आ छोकरीने जवा ना देता’ (या मुलीला जाऊ देऊ नका) असे मला सांगितले. ती आता आमच्याकडे नोकरीला आहे.

हे शहर असल्या शिक्षणाला अनोळखी नाही. महाराजा सयाजीरावांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढले, त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिले, आणि रंगाई, विणाई, यंत्रकाम अशा गोष्टी मुलांनी करून शिकाव्यात अशी व्यवस्था केली. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान शाखेचा पाया ठरले. दांडिया बाजारातून जाता-येता ती इमारत दिसते तेव्हा मला वाटते, त्या काळी धाग्याचा पीळ बोटांनी तपासायला शिकवत असतील, तर आज ठोक्याची कड डोळ्यांनी बघायला शिकवणे अवघड का असावे?

माझ्या क्षेत्रातल्या मंडळींनीही हात आखडता घेऊ नये. मकरपुरा, पोर, सावली, हालोल इथल्या कारखान्यांच्या कपाटांत परत आलेले, नापास झालेले बोर्ड पडून असतात. भंगारात टाकण्यापेक्षा ते जवळच्या कॉलेजला द्यावेत, बिघाड काय होता ती चिठ्ठी पाकिटात घालून. बिघडलेल्या बोर्डावर मुले जेवढे शिकतात तेवढे नव्या किटवर शिकत नाहीत. आणि पालकांना हात जोडून विनंती: तयार प्रोजेक्टसाठी मुलाच्या हातात पैसे ठेवू नका. त्याच पैशांत एक बोर्ड, दोन सेन्सर, मल्टिमीटर आणि अॅनालायझर येतो, आणि ते मुलाजवळ राहतात. मुलींना तर हे जरूर घेऊन द्या.

आमच्या कारखान्याच्या मालकांशी मी बोलले आहे. ज्या कॉलेजला असे प्रॅक्टिकल घ्यायचे असेल तिथे शनिवारी दुपारी मी मॅक्स ३१८६५ चे बोर्ड, पीटी१०० सेन्सर आणि अॅनालायझर घेऊन येईन; मानधन नको. शिक्षकांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. प्रत्येक टेबलावर डेटाशीटची छापील प्रत तेवढी ठेवावी, आणि विद्यार्थ्यांना आदल्या दिवशी चिपचे नाव सांगू नये.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे